डोंगरी सायकल आणि तिचे कर्ते

यंत्रांचा इतिहास सांगण्याची एक ठरावीक रीत होऊन बसली आहे. एक यंत्र, एक संशोधक आणि एक साल, अशा तीन खिळ्यांवर तसबीर टांगली की इतिहास झाला! शाळेतील मुलाने एवढे पाठ केले की त्याला गुण मिळतात. परंतु ज्यांची हयात कारखान्यांच्या दारांत आणि कामगारांच्या सभांत गेली, त्यांना ही तसबीर पुरती पटत नाही. आम्ही तीस वर्षे संघटनेचे काम करीत आलो. या काळात असे एकही यंत्र आमच्या पाहण्यात नाही, की ज्याच्यात कोणा फिटरने एखादी पट्टी वाढविली नाही वा कोणा टर्नरने एखादा खिळा आपल्या अकलेने बदलला नाही. नाव मात्र पाटीवर एकाचेच असते. आज ज्या यंत्राची हकीकत आम्ही सांगणार आहोत, त्याचे सुदैव असे की ते अगदी अलीकडे, गेल्या पन्नास वर्षांत, लोकांच्या डोळ्यांदेखत घडले. म्हणून त्याचे कर्ते कोण, हा प्रश्न पुराव्यानिशी विचारता येतो. ते यंत्र म्हणजे डोंगरावर चालणारी सायकल.

ही सायकल आता आपल्या शहरांतही दिसते. जाड व गाठीदार टायर, आडवे सरळ हँडल, पुढच्या काट्यात धक्का शोषणारी स्प्रिंग किंवा हवेची नळी, चाकाच्या मध्याशी पोलादी तबकडीचा ब्रेक, आणि मागच्या चाकावर लहानापासून थाळीएवढ्या मोठ्या दातेचक्रांची उतरंड. आपल्या काळ्या, उंच, दांडीवाल्या सायकलीशेजारी ती उभी केली तर दोघी एका घरच्या आहेत असे वाटणार नाही. पण त्या एकाच घरच्या आहेत.

खडकाळ वाटेवर सायकल नेण्याची कल्पना काही नवी नव्हे. सायकल जन्मली तेव्हा चांगले रस्ते होतेच कोठे? १८९७ साली अमेरिकेच्या मोंटाना प्रांतातील मिझूला येथून पंचविसाव्या पायदळ पलटणीतील वीस काळे सैनिक लेफ्टनंट जेम्स मॉस याच्या हाताखाली सायकलींवर निघाले आणि पर्वत, चिखल व वाळू तुडवीत सुमारे १९०० मैलांवरील सेंट लुई शहरी ४१ दिवसांत पोहोचले. सायकल सैन्याच्या उपयोगी पडते काय, एवढेच वरिष्ठांना पाहावयाचे होते. इंग्लंडमध्ये १९५५ साली सायकल खांद्यावर घेऊन डोंगरवाटा पार करणाऱ्या हौशी मंडळींनी ‘रफ स्टफ फेलोशिप’ नावाचा संघ काढला. तेव्हा माणसाची हौस जुनी आहे. त्या हौसेला पुरे पडेल असे यंत्र मात्र तयार नव्हते.

ते ज्या ठिकाणी तयार झाले ती जागा प्रथम नीट पाहू. कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्को शहराच्या उत्तरेस, सामुद्रधुनीवरील प्रसिद्ध पूल ओलांडला की मरीन परगणा लागतो. तेथे सुमारे अडीच हजार फूट उंचीचा टॅमलपायस नावाचा डोंगर आहे. या डोंगरावर १८९६ साली एक छोटी आगगाडी सुरू झाली. तिच्या लोहमार्गाला २८१ वळणे होती, आणि जगातील सर्वांत वाकडा लोहमार्ग म्हणून तिची जाहिरात होत असे. १९२९ साली डोंगराला मोठी आग लागली आणि १९३० साली गाडी बंद पडली. रूळ निघाले, पण मजुरांनी कातळ फोडून बसविलेला तो सौम्य चढाचा मार्ग जागेवर राहिला. पुढे मंदीच्या काळात, १९३३ पासून, बेकार तरुणांना काम देण्यासाठी अमेरिकन सरकारने जे पथक उभारले त्याच्या हातांनीही या डोंगरावर पुष्कळ काम झाले. वणव्याच्या वेळी बंब वर नेता यावेत म्हणून कच्चे रस्ते कापले गेले. ज्या वाटांवर पुढे डोंगरी सायकल जन्माला आली त्या वाटा निसर्गाने दिलेल्या नव्हत्या. घाम गाळून कोणीतरी त्या खणल्या होत्या. इतिहासाच्या पहिल्या पानावर त्यांचे नाव नसले तरी त्यांची कुदळ आहे.

आता यंत्राकडे वळू. शिकागो येथील श्विन ही अमेरिकेतील एक नामांकित सायकल कंपनी. तिची स्थापना १८९५ सालची. १९३३ साली, मंदी ऐन भरात असताना, या कंपनीने २६ इंच व्यासाचा आणि सव्वादोन इंचांच्या आसपास रुंदीचा फुगीर टायर सायकलीला बसविला. सायकल जड झाली, पण खड्ड्यातून गेली तरी रिम वाकेना. वर्तमानपत्रे टाकणाऱ्या पोरांची तिच्यावर उड्या पडल्या. पुढे हलक्या सायकली आल्या आणि या जाडजूड गाड्या परसात नि भंगारात जाऊन पडल्या. १९७० नंतर मरीनमधील तरुणांना त्या किरकोळ किमतीत मिळू लागल्या. त्यांत काही रस्त्यावरच्या शर्यतींत भाग घेणारे होते, काही सायकलींच्या दुकानांत काम करणारे, काही नुसतेच उनाड. त्यांनी या गाड्यांचे मडगार्ड काढले, साखळीचे झाकण काढले, दिवा-घंटी काढली, आणि उरलेला सांगाडा टॅमलपायसवर नेला. या गाड्यांना ते ‘क्लंकर’ म्हणत. आपण त्याला खटारा म्हणू.

या खटाऱ्यांची कसोटी लागली ती फेअरफॅक्स गावाच्या वरच्या एका वणवा-रस्त्यावर. सुमारे दोन मैलांत हा रस्ता १३०० फूट खाली येतो. म्हणजे दर आठ-नऊ फुटांमागे एक फूट उतार. या गाड्यांना ब्रेक होता तो मागच्या हबमध्ये. पायडल उलटे दाबले की हबच्या आत धातूवर धातू घासून चाक थांबे. दोन मैल तो असा दाबून धरला की हब इतका तापे की आतील ग्रीस जळून धूर होऊन निघून जाई. खाली पोहोचल्यावर हब उघडून, छर्रे पुसून, नवे ग्रीस भरल्यावाचून पुढची फेरी होत नसे. पुन्हा ग्रीस भरणे म्हणजे ‘रीपॅक’. तेच त्या उताराचे आणि शर्यतीचे नाव झाले. पहिली शर्यत २१ ऑक्टोबर १९७६ रोजी झाली. चार्ली केली हा तिचा संयोजक. घड्याळ लावून एकेकाला सोडण्याची व्यवस्था त्याची. पहिल्या शर्यतीत अॅलन बाँड्स जिंकला. पुढे गॅरी फिशर याने ४ मिनिटे २२ सेकंदांत हा उतार उतरून उच्चांक केला. सरासरी वेग ताशी पंचवीस मैलांच्या पुढे, आणि ब्रेक वर सांगितल्यासारखा! या मंडळींत स्त्रियाही होत्या. वेंडी क्रॅग ही स्वतः उतार उतरे आणि छायाचित्रेही घेई. त्या दिवसांचे चित्र आज आपल्यापुढे आहे ते पुष्कळ अंशी तिच्यामुळे.

उतरणे झाले, पण वर चढणार कसे? एका दात्याची जड गाडी चढावर हाताने ढकलावी लागे, किंवा मालमोटारीतून वर न्यावी लागे. गियर बसविल्याशिवाय ही विद्या पुरी होणार नव्हती. गियर बसविण्याचे श्रेय पुष्कळदा एकाच माणसाला दिले जाते. पण १ डिसेंबर १९७४ रोजी मिल व्हॅली येथे झालेल्या एका शर्यतीला दक्षिणेकडील क्युपर्टिनो गावची काही पोरे आली होती, आणि त्यांच्या जाड टायरच्या गाड्यांवर साखळी सरकविणारे गियर आधीच बसविलेले होते. मरीनच्या मंडळींनी ते पाहिले. क्युपर्टिनोची पोरे पुढे इतिहासातून जवळजवळ नाहीशी झाली. त्यांची युक्ती राहिली. त्या काळच्या चांगल्या खटाऱ्याची यादी करून पाहावी: सांगाडा वर्तमानपत्रवाल्या पोराच्या गाडीचा, ब्रेकची दांडी मोटारसायकलची, ड्रम-ब्रेक जोडसायकलीचा, गियर प्रवासी सायकलीचा. पाच घरांतून शिधा मागून केलेला तो गोपाळकाला होता. आणि गियर तरी कोणाचे? फ्रान्समधील सेंत-एतिएन गावच्या पॉल द व्हिव्हीने या शतकाच्या नव्हे, गेल्या शतकाच्या आरंभी बदलत्या गियरसाठी लेखणी झिजविली. त्यावेळचे शर्यतवाले त्याला हसत. फ्रान्सच्या मोठ्या शर्यतीत या गियरला परवानगी मिळाली ती १९३७ साली.

गियर म्हणजे काय, हे एका हिशेबाने स्पष्ट करतो, कारण हौशी मंडळी आकडे फेकतात आणि नवखा गांगरतो. पुढच्या चक्राचे दाते भागिले मागच्या चक्राचे दाते, गुणिले चाकाचा व्यास. एवढेच गणित. समजा, आपल्या काळ्या सायकलीचे चाक २८ इंची, पुढे ४४ दाते, मागे १८. उत्तर येते ६८. पायडलच्या एका फेऱ्यात ही गाडी सुमारे १८ फूट पुढे जाते. आता आजच्या डोंगरी सायकलीचे चाक २९ इंची, पुढे ३२ दाते आणि मागील सर्वांत मोठ्या थाळीला ५० दाते धरा. उत्तर साडेअठरा, एका फेऱ्यात जेमतेम ५ फूट. म्हणजे तीच टेकडी चढताना पायावरचा भार पावणेचार पटींनी हलका, आणि फेरे तितकेच जास्त. निसर्ग काही फुकट देत नाही. शंभर पायऱ्यांच्या ओझ्याची चारशे पायऱ्यांत वाटणी करून देणे, एवढेच यंत्राचे काम. हमालाला हे न शिकविता कळते. जड पोते तो दमादमाने, लहान पावलांनी चढवितो.

याच सुमारास कोलोरॅडो प्रांतातील क्रेस्टेड ब्यूट नावाच्या गावी दुसरा एक प्रवाह वाहत होता. हे कोळशाच्या खाणीचे गाव. तेथील मोठी खाण १९५२ साली बंद पडली आणि गाव ओस पडू लागले. ज्या गावाने खाणकामगारांचे संसार पाहिले तेथे पुढे बर्फावरच्या खेळांची आणि नव्या पोरांची वस्ती झाली. १९७६ च्या सप्टेंबरात तेथील काही जण, त्यांत वणवे विझविणारे मजूर होते, सुमारे १२,७०० फूट उंचीची पर्ल खिंड ओलांडून जुनाट सायकलींनी अॅस्पेनला गेले. पलीकडच्या गावची पोरे मोटारसायकलवरून ऐटीत आली होती, त्यांना हे उत्तर होते. १९७८ साली मरीनची मंडळी गियरवाल्या गाड्या घेऊन तेथे पोहोचली, आणि दोन डोंगरांची गाठ पडली.

भंगारातला सांगाडा शेवटी भंगारच. उतारावर तो मोडे. तेव्हा जो ब्रीझ या सांगाडा-कारागिराने १९७७ साली क्रोम-मॉलिब्डेनम मिश्रित पोलादाच्या नळ्या आणून केवळ डोंगरासाठी म्हणून नवा सांगाडा तयार केला. १९७८ पर्यंत अशा दहा सायकली झाल्या. पहिली आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. १९७९ साली टॉम रिची या दुसऱ्या कुशल कारागिराने सांगाडे केले, आणि ते विकण्यासाठी फिशर व केली यांनी काही शे डॉलरांच्या भांडवलावर एक दुकान काढले. दुकानाचे नाव ‘माउंटनबाइक्स’. हे नाव कायद्याने आपल्या मालकीचे करून घेण्याचा त्यांचा प्रयत्न फसला आणि ते नाव साऱ्या जगाचे झाले. त्यांचे नुकसान झाले असेल. पण आमच्या मते इतिहासाने येथे न्याय केला. जी वस्तू दहा जणांनी केली तिचे नाव एकाच्या पेटीत कसे कुलूपबंद व्हावे?

यापुढची गोष्ट मालाची आणि बाजाराची आहे. माइक सिनयार्ड याच्या स्पेशलाइज्ड कंपनीने १९८१ साली ‘स्टम्पजंपर’ नावाची डोंगरी सायकल जपानमध्ये करवून घेतली आणि ७५० डॉलरांना विकावयास काढली. एकेक सांगाडा हाताने झाळणाऱ्या कारागिरापुढे कारखाना उभा राहिला. १९८२ साली शिमानो आणि सनटूर या जपानी कंपन्यांनी खास डोंगरासाठी गियर-ब्रेकचे संच बाजारात आणले. पाच घरांतून शिधा मागण्याची गरज संपली. सर्व सामान एका खोक्यात मिळू लागले.

आणि येथे आम्हांला शिकागोला परत गेले पाहिजे. हौशी मंडळींच्या गप्पांत हा भाग फारसा येत नाही. ज्या श्विनच्या जुन्या सांगाड्यांवर हा सारा खेळ उभा राहिला, त्या कंपनीच्या कामगारांनी १९८० साली युनायटेड ऑटो वर्कर्स या संघटनेत प्रवेश केला. ऑक्टोबर १९८० मध्ये सुमारे १४०० कामगार संपावर गेले. संप तेरा आठवडे चालला. कंपनीने त्या काळात तैवानच्या जायंट या कारखान्याकडून अधिकाधिक सायकली घेतल्या, आणि १९८१ साली दक्षिणेकडे मिसिसिपी प्रांतात ग्रीनव्हिल येथे नवा कारखाना काढला. १९८३ पर्यंत शिकागोतील उत्पादन थांबले. १९९१ साली ग्रीनव्हिलही बंद पडले. १९९२ साली कंपनीने दिवाळे काढले.

या घटनेवर दोन सोपी भाष्ये ऐकू येतात. एक म्हणजे संपाने कारखाना खाल्ला. दुसरे म्हणजे मालकाने कामगार खाल्ला. आम्ही कोणत्या बाजूचे हे सांगावयास नको. तरीही इतिहास लिहावयाचा तर तारखा नीट लावल्या पाहिजेत. संप सुरू झाला त्याच्या चार वर्षे आधी, ऑक्टोबरातच, रीपॅकवर पहिली शर्यत झाली होती. कंपनीच्याच चाळीस वर्षांपूर्वीच्या मालातून पोरे नवी वस्तू घडवीत होती. कारखान्यातील यंत्रे जुनी, आणि नव्या हलक्या सायकलीसाठी लागणारी हत्यारे तेथे नाहीत. ती आणण्याचा निर्णय कामगाराच्या हाती नव्हता. त्याच्या हाती पाना होता आणि मत होते. मत त्याने दिले. संपाने जखम उघडी केली. जखम आधीची होती. परंतु आमच्या चळवळीनेही यातून एक गोष्ट शिकावयास हवी. केवळ वेतनाचा दर मागून भागत नाही; उद्या येथे काय बनणार आहे, हे विचारण्याचा हक्क मागितला पाहिजे. ज्या संघटनेला कारखान्याच्या कपाटातील नकाशे ठाऊक नाहीत, तिला एके दिवशी फाटकावरची नोटीसच वाचावी लागते. आपल्या देशातही हे घडले. साहिबाबाद येथील अॅटलास सायकलचा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद झाला. त्या दिवशी जागतिक सायकल दिन होता!

तैवानच्या कामगाराविषयी मनात आकस धरण्याचे मात्र कारण नाही. त्याने कोणाचे काम चोरले नाही. त्याने चांगले सांगाडे झाळले. काम एका बंदरातून दुसऱ्या बंदरात हलविणारा हात वेगळाच असतो.

आता वाटांचा प्रश्न. सायकली वाढल्या तसे मरीनमध्ये भांडण पेटले. पायी फिरणारे वृद्ध, घोडेस्वार आणि सायकलवाले एकाच अरुंद पाऊलवाटेवर समोरासमोर आले. वळणावर भरधाव येणाऱ्या सायकलीने माणूस दचकतो, घोडा बिथरतो. तक्रार खोटी नव्हती. अरुंद वाटा सायकलींना बंद झाल्या, रुंद रस्त्यांवर ताशी १५ मैलांची आणि आंधळ्या वळणावर ५ मैलांची मर्यादा आली. १९६४ च्या कायद्याने राखलेल्या अरण्यांत यांत्रिक वाहतुकीस मनाई होतीच. १९८४ साली वनखात्याने नियम करून सायकल त्या मनाईत स्पष्टपणे घातली. ज्यांनी ही विद्या काढली त्यांना आपल्याच डोंगरावर गुन्हेगार ठरण्याची पाळी आली.

यावर उपाय काय केला? कॅलिफोर्नियातील काही सायकल-संघांनी १९८८ साली एकत्र येऊन आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन केली. तिने निषेध केला, वाटाघाटी केल्या. पण मुख्यतः कुदळ-फावडे हाती घेतले. जी वाट वापरावयाची ती दुरुस्त करावयाची, चालणाऱ्याला आधी वाट द्यावयाची, ओल्या मातीवर चाक घालावयाचे नाही, असे नियम तिने स्वतःच्या सभासदांना लावले. हक्क मागताना जबाबदारीची रांगही आपण धरावी, हे आमच्या क्षेत्रातील जुने सूत्र. ते येथे लागू पडलेले पाहून आम्हांला समाधान वाटले. जॅकी फीलन या शर्यतपटू स्त्रीने १९८७ साली बायकांचा वेगळा सायकल-संघ काढला, तोही याच जाणिवेतून. जे मैदान आपले नाही असे सांगितले जाते, तेथे एकटीने जाण्यापेक्षा दहा जणींनी जावे.

वाट बांधण्याची विद्याही याच काळात पक्की झाली. तिचे सार असे की वाटेचा खरा शत्रू चाक नव्हे, पाणी. सरळ उतारावर वाट काढली की पावसाळ्यात तिचा ओढा होतो. म्हणून वाटेचा चढ डोंगराच्या अंगच्या उताराच्या निम्म्याहून अधिक नसावा. सरासरी दहा टक्क्यांपर्यंत राहावा. बाहेरची कड किंचित झुकती ठेवावी. आणि थोड्या थोड्या अंतराने वाट उतरता उतरता पुन्हा जराशी चढवावी, म्हणजे पाणी तेथेच बाहेर पडते. टॅमलपायसवर रूळ बसविणाऱ्या मजुराला वा आपल्याकडील घाटवाटा बांधणाऱ्या पाथरवटाला हे शब्दांत सांगता आले नसते. हाताला मात्र ठाऊक होते.

यंत्रही पुढे सरकत राहिले. उतारावर बैठक खाली आणि चढावर वर हवी, म्हणून जो ब्रीझ आणि त्याचा एक सहकारी यांनी १९८४ साली बैठकीच्या दांड्याला एक स्प्रिंग लावली. आज हँडलवरच्या कळीने खालीवर होणारी बैठक तिचीच नात. १९८९ साली रॉकशॉक्सचा धक्का शोषणारा काटा आला. १९९० साली कोलोरॅडोतील डुरँगो येथे पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली आणि १९९६ साली अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये या खेळाला स्थान मिळाले. रीपॅकच्या पहिल्या शर्यतीपासून वीस वर्षांत!

आता हौशी तरुणांसाठी चार शब्द. आमच्या संघटनेतील काही पोरे सुटीच्या दिवशी सिंहगडाच्या पायथ्याशी आणि मावळात सायकली नेतात. त्यांच्या गप्पा आम्ही ऐकतो, आणि अनुभवी मंडळी नवख्याला कसे सांभाळतात हे पाहून संतोष होतो. त्या गप्पांतील निके निवडून देतो. पहिले, सायकल अंगाच्या मापाची घ्यावी. टाच पायडलवर ठेवली असता गुडघा सरळ व्हावा, ही चढावरील बैठकीची उंची. उतारावर ती खाली करावी, गुडघे-कोपर सैल ठेवावे, अंगाचा भार मागे न्यावा. दुसरे, टायर दगडासारखा फुगवू नये. आपल्या काळ्या सायकलीत ४० पौंडांहून अधिक हवा भरतो; डोंगरी सायकलीचा बिनट्यूबचा रुंद टायर साधारणतः २० ते ३० पौंडांवर चांगली पकड देतो. हवा कमी म्हणजे मातीशी अधिक स्पर्श. फारच कमी म्हणजे रिमला मार. तिसरे, धक्का शोषणारा काटा आपल्या वजनाप्रमाणे लावून घ्यावा. स्वार नुसता बसला असता तो आपल्या एकूण चालीच्या पावपट ते तीस टक्के दबावा. चौथे, पुढचा ब्रेक अधिक काम करतो, म्हणून तो एका बोटाने व हळू दाबावा. घसरत्या मातीवर एकदम दाबला तर स्वार हँडलवरून पुढे जातो. पाचवे, शिरस्त्राणावाचून उतरू नये.

आणि एक गोष्ट दुकानदार सांगणार नाही. दर दोन वर्षांनी नवे माप निघते आणि जुने निकामी ठरविले जाते. प्रथम २६ इंची चाक हेच डोंगराचे म्हणत. त्याचे रिम ५५९ मिलिमीटरचे. मग २९ इंची आले, त्याचे रिम ६२२ मिलिमीटरचे. आपल्या काळ्या अठ्ठावीस इंची सायकलीचे रिम ६३५ मिलिमीटरचे आहे! मोठे चाक खड्ड्यावरून सहज जाते हे आपल्या दूधवाल्याला कधीपासून माहीत होते. तेव्हा साखळी स्वच्छ ठेवणे, पंक्चर काढणे, गियरची तार ताणून घेणे, या तीन विद्या आधी शिकाव्या. खिशाचा विचार करून सामान मागाहून घ्यावे. ज्यांनी हा खेळ काढला त्यांच्या गाड्या भंगारातल्या होत्या.

सह्याद्रीत या खेळाला पुढे मोठे दिवस येतील असे दिसते. त्यावेळी दोन गोष्टी विसरू नयेत. येथील पाऊस कॅलिफोर्नियातला नव्हे. चार महिने भिजलेल्या लाल मातीत चाकाने एक चर पडला की पुढच्या पावसात त्याची घळ होते. आणि येथील वाटा रिकाम्या नाहीत. लमाणांचे तांडे, मिठाचे बैल, डोक्यावर मोळी घेतलेल्या बाया यांनी त्या मळविल्या. बोरघाटात १८५६ ते १८६३ या काळात लोहमार्ग बसविताना हजारो मजूर पटकीने, तापाने आणि सुरुंगाने मेले; त्यांच्यांतील कोणाचे नाव आपल्याला ठाऊक नाही. आजही धनगरवाड्यावरून शाळेला येणारी पोरे त्याच वाटांनी चालतात. त्यांना आधी वाट देणे हा येथे शिष्टाचारापेक्षा मोठा प्रश्न आहे.

तर मग डोंगरी सायकलचा कर्ता कोण? फिशर, ब्रीझ, रिची, केली हे कुशल व धाडसी होते. त्यांचे श्रेय त्यांना द्यावे. पण त्यांच्या मांडीखाली शिकागोच्या कामगाराने झाळलेला सांगाडा होता, चाकाखाली मजुराने फोडलेला कातळ होता, साखळीवर क्युपर्टिनोच्या विस्मृत पोरांची युक्ती होती, आणि ही सायकल आज जगभर पोहोचली ती ओसाका-तैवानच्या कामगारांच्या हातांनी. शोध लावणारा एक असतो असे म्हणणे सोयीचे असते, कारण एकाशी करार करता येतो आणि अनेकांना विसरता येते. ज्यांना इतिहास लिहावयाचा आहे त्यांनी ही सोय नाकारावी. पुढच्या वेळी सायकल उलटी करून हबमध्ये ग्रीस भरताना आपल्या तरुण मित्रांनी एवढे जरी मनात आणले, तरी या भाषणाचा हेतू सफल झाला असे आम्ही समजू.